प्रोग्रॅमिंगचे टॉक : ऐकावे कसे, द्यावे कसे



तुमच्यापैकी कोणी एमएससीआयटी केली असेल, कोणी आयटीआयमध्ये संगणकाचा कोर्स करत असेल, कोणी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असेल. एमएससीआयटी संगणक वापरायला शिकवते, प्रोग्रॅम लिहायला नाही. कॉलेजात प्रोग्रॅम लिहायला शिकवतात. पण तो सहा महिन्यांनी दुसऱ्याच कोणाला वाचायचा असतो, त्यात चूक निघणार असते आणि ती शोधावी लागते, हे परीक्षेत फारसे येत नाही. नोकरीच्या मुलाखतीत मात्र नेमके तेच विचारतात. ज्या घरात मामा किंवा मोठी बहीण सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तिथे या गोष्टी जेवताना कानावर पडतात. आपल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवरच्या बहुतेक मुलांना असा मामा नाही. तो कुठे भेटू शकतो, हा आजच्या पाठाचा विषय.

थळच्या किनाऱ्यावर होड्या लागल्या की मोठी माणसे जाळी सांधायला बसतात. कोळीवाड्यातला मुलगा ते शिकायला कुठल्या वर्गात जात नाही. तो शेजारी बसतो, सुई भरून देतो, बोलणे ऐकतो आणि हळूहळू स्वतः सांधू लागतो. कातकऱ्याचे पोर बापामागे खाडीत उतरते तेव्हाच त्याला खेकड्याचे बीळ ओळखू येते. प्रोग्रॅमिंग हीसुद्धा हाताची विद्या आहे. तिचा पुष्कळ भाग शेजारी बसून, दुसऱ्याचे ऐकूनच येतो.

हे ओळखून प्रोग्रॅमर मंडळींनी फार पूर्वीपासून एक रीत पाडली आहे. ठरलेल्या दिवशी जमायचे. एकाने उभे राहून आपण काय केले, कुठे अडलो, कसे सुटलो ते सांगायचे आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. या सांगण्याला टॉक म्हणतात आणि जमण्याला मीटअप. १९७५ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात एका गॅरेजात होमब्रू कंप्युटर क्लबची पहिली बैठक झाली. स्टीव्ह वॉझ्नियाक त्या बैठकीला होता आणि पुढे अॅपलचा पहिला संगणक त्याने याच मंडळींना दाखवला. आपल्याकडे पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट अनेक वर्षे असाच जमत आला आहे. पायथन या भाषेची देशभरातली परिषद, पायकॉन इंडिया, २००९ साली बेंगळुरूला सुरू झाली आणि २०११ साली पुण्यात भरली. ही कामे बहुतांशी स्वयंसेवक करतात. टॉक देण्यासाठी आपला विषय लिहून पाठवायचा असतो. निवड विषयाची होते, पदवी कुठली ते कोणी विचारत नाही.

आता अडचण सांगतो. पुण्याचा मीटअप सकाळचा असला तर अलिबागहून पहाटेची एसटी धरावी लागते. मुंबईचा संध्याकाळी असला तर तो संपेपर्यंत मांडव्याची शेवटची लाँच गेलेली असते, आणि पावसाळ्यात गेटवेची लाँच बंदच असते. दर महिन्याला एवढा खर्च करून जावे, असे मी म्हणणार नाही. वर्षातून एकदा दोघे-तिघे मिळून जा. जेवणाच्या सुट्टीत चार अनोळखी लोकांशी बोला, कारण जाण्याचा खरा लाभ त्या सुट्टीतच असतो. उरलेले वर्षभर टॉक तुमच्याकडे येऊ शकतात. मोठ्या परिषदांतले बरेच टॉक चित्रित होऊन यूट्यूबवर फुकट मिळतात. एकदा उतरवून घेतला की तो टॉक सगळ्या वसतिगृहाला पाहता येतो.

पाहायचे कसे, हा खरा प्रश्न. महिन्याला वीस टॉक पाहणारी मुले मला माहीत आहेत. ती सिनेमा पाहिल्यासारखे पाहतात आणि त्यांचा हात जिथल्या तिथेच राहतो. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौदगल्य यांनी स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प उभा केला. त्यातला एकेक पाठ साधारण दहा मिनिटांचा असतो. पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला आपला प्रोग्रॅम ठेवायचा. पाठात एक पायरी झाली की थांबवायचे, तीच पायरी आपण करायची आणि मगच पुढे जायचे. हे पाठ इंग्रजीत तयार होतात आणि मग मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलले जातात. लिनक्स, सी, जावा, पायथन असे बरेच विषय त्यात आहेत. ज्यांना इंग्रजीची धास्ती वाटते त्यांनी सुरुवात इथूनच करावी. पण ती थांबत थांबत, हाताने करत पाहण्याची सवय कुठल्याही टॉकला लावता येते.

एक उदाहरण घेऊ. रेमंड हेटिंगर हा पायथन घडवणाऱ्यांपैकी एक. २०१३ साली अमेरिकेतल्या पायकॉनमध्ये त्याने ‘ट्रान्सफॉर्मिंग कोड इनटू ब्युटिफुल, इडिओमॅटिक पायथन’ नावाचा टॉक दिला. पाऊण तासाच्या या टॉकची रीत साधी आहे. आधी तो नवशिके लिहितात तसा कोड दाखवतो, मग त्याच कामाची पायथनमधली सोपी तऱ्हा दाखवतो. बोलणे इंग्रजीत आणि भरभर आहे, तेव्हा वेग कमी करून लावा.

त्यातली एकच गोष्ट घेऊ, आणि ती आपल्या घरच्या हिशेबावर लावून पाहू. दिवाळीनंतर आपली कुटुंबे वीटभट्टीवर जातात. जाण्याआधी मालकाकडून उचल घेतलेली असते. तिथे दर आठवड्याला खर्ची मिळते. मजुरी हजार विटांमागे ठरते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो : विटांचे पैसे, त्यातून खर्ची वजा, उचल वजा. हा हिशेब मालकाच्या वहीत असतो आणि बहुतेक आईबापांना तो पडताळता येत नाही. समजा तुम्ही त्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. एका यादीत दर आठवड्याच्या विटा, दुसरीत दर आठवड्याची खर्ची.

नवशिका असा लिहितो : शून्यापासून मोजायला सुरुवात कर, विटांच्या यादीची लांबी येईपर्यंत जा, प्रत्येक आकड्याला विटांच्या यादीतली त्या क्रमांकाची नोंद काढ, मग खर्चीच्या यादीतली त्याच क्रमांकाची काढ. काम होते, पण वाचणाऱ्याला आकड्यांचा गुंता सोडवावा लागतो. हेटिंगर सांगतो, यासाठी पायथनमध्ये ‘झिप’ आहे. बॅगेच्या चेनचे दोन्ही बाजूंचे दात एकात एक बसतात तशा दोन याद्या बसतात. पहिल्या आठवड्याच्या विटांबरोबर पहिल्याच आठवड्याची खर्ची येते, दुसऱ्याबरोबर दुसऱ्याची. क्रमांक मोजत बसावे लागत नाही आणि कोड वाक्यासारखा वाचता येतो.

टॉक इथे थांबवा, कोड लिहा आणि चालवा. आणि आता तो मुद्दाम मोडा. समजा हंगाम २४ आठवड्यांचा होता. शेवटच्या आठवड्यात हिशेबच व्हायचा म्हणून खर्ची दिली नाही, त्यामुळे कोणी ती लिहिलीही नाही. विटांच्या यादीत २४ नोंदी आणि खर्चीच्या यादीत २३. झिप धाकटी यादी संपली की थांबते. काही सांगत नाही, तक्रार करत नाही. चोविसाव्या आठवड्याच्या विटा हिशेबात आल्याच नाहीत. त्या आठवड्यात ५,००० विटा पाडल्या असतील आणि दर हजारी ७०० रुपये धरला, तर ३,५०० रुपये गेले. आणि प्रोग्रॅमने उत्तर दिले म्हणून ते बरोबर, असे सगळे मानून चालले! गंमत अशी की नवशिक्याचा तो ओबडधोबड कोड इथे चोविसाव्या खर्चीला अडून ‘इंडेक्स एरर’ म्हणत बंद पडला असता. निदान ओरडला तरी असता.

यावर दोन उपाय आहेत. ज्या आठवड्यात खर्ची नाही तिथे शून्य लिहायचे. हे मला जास्त पटते, कारण ‘दिली नाही’ आणि ‘लिहायची राहिली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वहीत त्या वेगळ्या दिसायला हव्यात. दुसरा उपाय भाषेतच आहे. पायथन ३.१० पासून, म्हणजे २०२१ पासून, झिपला ‘स्ट्रिक्ट’ राहायला सांगता येते. मग याद्या कमीजास्त असल्या की तो चूक दाखवून थांबतो. हे हेटिंगरच्या टॉकमध्ये नाही, असणारही नाही, कारण तो २०१३ चा आहे. तेव्हा पायथन २ सर्रास चालू होते, म्हणून तो ‘आयझिप’ आणि ‘एक्सरेंज’ अशी नावे घेतो. ती नावे पायथन ३ मध्ये लिहिलीत तर चूक येईल, कारण ती कामे आता साधे झिप आणि रेंजच करतात. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. टॉक जुना म्हणून वाईट ठरत नाही, पण लावण्याआधी त्याची तारीख पाहा आणि चूक आली तर घाबरू नका. ते नाव कुठे गेले हे शोधण्यात जे शिकाल, ते टॉकमध्ये कोणी सांगितलेले नसते.

अशा रीतीने पाऊण तासाच्या एका टॉकला दोन शनिवार सहज लागतात. लागू द्या.

आता टॉक देण्याविषयी. बरीच मुले म्हणतात, आम्हालाच नीट येत नाही तर सांगणार काय. ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या १९९९ च्या पुस्तकात टेबलावरच्या रबरी बदकाची गोष्ट आहे : अडलेला कोड बदकाला ओळीओळीने समजावून सांगायचा आणि सांगता सांगता चूक आपल्यालाच दिसते. जगभरचे प्रोग्रॅमर ही युक्ती खरोखर वापरतात. बदक जर एवढे काम करते, तर समोर बसलेली, मान हलवणारी, मधेच ‘थांब, हे कसं?’ विचारणारी दहा मुले किती करतील.

परिषदांमध्ये पाच मिनिटांच्या छोट्या टॉकची पद्धत असते. त्याला लाइटनिंग टॉक म्हणतात. वेळ संपली की थांबायचे, मग वाक्य अर्धे राहिले तरी चालेल. वसतिगृहात शनिवारी संध्याकाळी असे तीन टॉक सहज होतात. प्रोजेक्टर नसला तरी अडत नाही. सहा-सात ओळींचा कोड फळ्यावर मावतो, आणि जो फळ्यावर मावत नाही तो पाच मिनिटांत समजावूनही होत नाही. विषय मोठा नको. ‘झिपने माझा शेवटचा आठवडा कसा खाल्ला’ एवढा विषय पुष्कळ झाला. बोलण्याआधी आठवीतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला ऐकवून पाहा. स्पोकन ट्युटोरियलमध्येही पाठाचा मसुदा आधी नवख्याकडून तपासून घेतात. नवखा जिथे अडतो तिथे चूक त्याची नसते, मसुद्याची असते.

भाषा कुठली? जी तोंडात बसते ती. कातकरीत सांगा, ठाकरीत सांगा, मराठीत सांगा. लिस्ट, लूप, फंक्शन हे शब्द आहेत तसेच राहू द्या, ते सगळीकडे तसेच चालतात. आधी आपल्या बोलीत पाच मिनिटे ठामपणे बोलता आले, की तेच मुलाखतीत इंग्रजीत सांगताना फक्त शब्द बदलायचे राहतात, विचार नव्याने जुळवावे लागत नाहीत. प्रश्न आला आणि उत्तर येत नसेल, तर ‘मला येत नाही, पुढच्या शनिवारी शोधून सांगतो’ असे सरळ म्हणा आणि पुढच्या शनिवारी खरेच सांगा. मुली मागे बसून गप्प राहतात असे दिसले, तर पहिला प्रश्न मागच्या ओळीचा असा नियमच करून टाका.

हिशेबाचा तो प्रोग्रॅम तयार झाला की एक टॉक वाडीवर द्या, तोही लोक भट्टीवर जाण्याआधी. पायथनचे नाव घ्यायचे कारण नाही. फक्त आकडे घाला आणि उत्तर दाखवा. मग म्हातारी माणसे विचारतील : पावसाने भिजलेल्या कच्च्या विटा कोणाच्या नावावर? फुटलेल्या मोजायच्या का? बाई आजारी पडली त्या आठवड्याचे काय? आगाऊ दिलेले तांदूळ खर्चीत धरायचे की उचलीत? यातले काहीच तुमच्या प्रोग्रॅममध्ये नसेल. सगळे वहीत लिहून घ्या आणि घरी येऊन प्रोग्रॅम बदला. कंपन्यांत याच कामाला ग्राहकाची गरज समजून घेणे म्हणतात आणि त्यासाठी वेगळी माणसे नेमतात.

पुढच्या अंकापर्यंतचा अभ्यास : हेटिंगरच्या टॉकमधला ‘एन्युमरेट’चा भाग पाहा. आठवड्याचा क्रमांक, त्या आठवड्याच्या विटा आणि खर्ची अशी एकेक ओळ छापणारा हिशेब लिहा. एन्युमरेट मोजणी शून्यापासून सुरू करतो आणि आपल्या वहीत ‘शून्यावा आठवडा’ नसतो. ती मोजणी एकपासून कशी सुरू करायची ते शोधून काढा. मग खर्चीच्या यादीतली मधलीच एखादी नोंद पुसून पाहा. आता दोन्ही याद्यांची लांबी जुळत नाही, हे तर स्ट्रिक्ट झिप सांगेल. पण कुठल्या आठवड्याची खर्ची राहिली, हे तो सांगू शकेल का? नसेल, तर नोंदी कशा ठेवल्या म्हणजे ते कळेल? याच प्रश्नावर पाच मिनिटांचा टॉक तयार करा, आणि जो कोणी तो आधी ऐकेल त्याने विचारलेला पहिला प्रश्न वहीत लिहून ठेवा.