धडा : अवज्ञा म्हणजे काय?

समजा, पुसेगावातले एक घर आहे. वडील वारून वर्ष झाले. माहेरी आलेल्या बहिणीपुढे थोरला भाऊ एक कागद ठेवतो.

“बाई, इथं अंगठा दे.”

“दादा, कागद कशाचा हाय? मला वाचू तर दे.”

“भावावर भरवसा न्हाई का तुझा?”

“भरवसा हाय. पण वाचल्याबिगर अंगठा देणार न्हाई.”

कोपऱ्यातून आजी म्हणते, “अगं, थोरल्याची अशी अवज्ञा करू नये!”

बहिणीने अवज्ञा केली का? उत्तराची घाई करू नका. आधी शब्द समजून घेऊ.

शब्दांचे अर्थ

पोरगं ऐकत नाही, बैल ऐकत नाही, असे आपण रोज म्हणतो. हे साधे न ऐकणे. त्याचे कारण हट्ट असेल, आळस असेल, कधी भूकही असेल.

आज्ञा म्हणजे हुकूम. हुकूम मोडला की आज्ञाभंग झाला.

अवज्ञा हा शब्द याहून जड आहे. ‘ज्ञा’ म्हणजे जाणणे आणि ‘अव’ म्हणजे खाली. समोरच्याला कमी लेखून त्याचा शब्द टाकून देणे, ही अवज्ञा.

कायदेभंग म्हणजे कायदा मोडणे. चोरही कायदा मोडतो, पण लपूनछपून. गांधीजींनी ६ एप्रिल १९३० रोजी दांडीला मिठाचा कायदा मोडला, तो दिवसाढवळ्या, सर्वांना आधी सांगून. याला सविनय कायदेभंग म्हणतात. सविनय म्हणजे विनयाने, नम्रतेने. कायदा मोडायचा, पण माणसाचा अपमान करायचा नाही.

आपल्या भागातील गोष्ट

पुसेगावाच्या पूर्वेला पुसद आहे. १९३० साली पुसद इंग्रजांच्या वऱ्हाडात होते, आणि आपला मुलूख निजामाच्या राज्यात. पुसदहून समुद्र फार दूर. तेथे मीठ कोठून उचलणार? पण जंगल जवळ होते. राखीव जंगलातले गवत परवान्यावाचून कापणे हा गुन्हा होता. ढोरे पाळणाऱ्याला हा कायदा रोज जाचत असे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या जंगलात उघडपणे गवत कापले. त्यांना अटक झाली. ते पळाले नाहीत.

मग १९३८ साल उजाडले. निजाम सरकारने स्टेट काँग्रेसवर, ती स्थापन होण्याआधीच, बंदी घातली. कार्यकर्त्यांनी ही बंदी मोडून सत्याग्रह केला. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. त्याच साली औरंगाबादच्या कॉलेजातील मुलांनी मनाई असताना वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटले. हे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात पोचले. तेथे मुलांची नावे कमी झाली. पुष्कळांनी नागपूरला जाऊन शिक्षण पुरे केले. मराठवाडा मुक्त झाला तो पुढे दहा वर्षांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी.

या लोकांनी तीन गोष्टी पाळल्या. कायदा अन्यायाचा आहे, हे आधी नीट पाहिले. तो उघडपणे मोडला, पण कोणावर हात उगारला नाही. आणि शिक्षा झाली ती भोगली.

आता त्या बहिणीकडे वळू

तिने भावाला तुच्छ मानले नाही. म्हणून ती अवज्ञा नव्हे. तिने कायदाही मोडला नाही. उलट कायदा तिच्या बाजूला आहे. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. भावाने ठेवलेला कागद हक्कसोडपत्राचा असेल, तर अंगठ्याबरोबर तिचा हक्कही जाईल. हक्क सोडावा की ठेवावा, हे तिने ठरवायचे आहे. पण न वाचता ठरवणार कसे?

भावाचा मान राखून ती थांबली आणि तिने कागद मागितला, एवढेच. आपण अक्षरे शिकतो ती अशाच वेळेसाठी.

सांगा पाहू

१. चोराचा कायदेभंग आणि बापूजी अण्यांचा कायदेभंग यांत फरक काय?
२. पुसदला मिठाऐवजी गवत का निवडले?
३. तुम्ही आजीच्या जागी असता तर काय म्हटले असते?

लिहा

‘मी वाचल्याशिवाय सही करणार नाही.’ हे वाक्य पाच वेळा लिहा. खाली स्वतःची सही करा.