यंत्रमानव स्पर्धा : साहित्याचे नियम आणि त्यांचे मर्म

दहीहंडीच्या सर्वांत वरच्या थरावर हलक्या अंगाचा गोविंदाच का चढवितात, हे महाराष्ट्रात कोणास सांगावे लागत नाही. पुण्यातील बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत ऑगस्ट २००८ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय एबीयू रोबोकॉन स्पर्धेचा विषय 'गोविंदा' हाच होता. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची ही विद्यार्थी स्पर्धा २००२ पासून भरते. २०१४ मध्ये ती पुन्हा पुण्यात भरली. त्या वेळी 'पालक' यंत्रमानवाने 'बालक' यंत्रमानवास उचलून झोपाळ्यासारख्या खेळांवर न्यावयाचे होते. साहजिकच बालकाचे वजन जितके अधिक, तितका पालकावरील भार अधिक.

नियम काय सांगतात?

यंत्रमानव अमुकच धातूचा असावा, असे बंधन या स्पर्धेत नसते. बंधन असते ते वजन आणि शक्ती यांवर. २०२३ च्या नियमावलीत दोन्ही यंत्रमानवांचे बॅटऱ्यांसह एकूण वजन ५० किलोग्रॅम, बॅटरीचा दाब २४ व्होल्ट आणि संपीडित हवेचा दाब ६०० किलोपास्कल, अशा कमाल मर्यादा होत्या. आम्ल गळण्याचा धोका असल्याने शिसे-आम्ल बॅटरी निषिद्ध ठरविली होती. हवा साठविण्यासाठी खास टाकी अथवा निर्दोष अवस्थेतील प्लास्टिकची बाटली चालत असे. ओरखडा पडलेली बाटली दाबाखाली फुटू शकते, हे त्यामागील कारण होय.

मर्यादेतून शिक्षण

ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश वजनाचे असते. परंतु त्याच मापाची ॲल्युमिनियमची पट्टी तेवढ्याच भाराखाली सुमारे तिप्पट वाकते. म्हणून विद्यार्थी भरीव पट्टीऐवजी पोकळ चौकोनी नळी निवडतात. पाठ्यपुस्तकातील घनता आणि ताठरता त्यांना येथे हाताने अनुभवावयास मिळते.

एक उणीव

मात्र तराजू वजन मोजतो, किंमत मोजत नाही. संपन्न संस्थेस महागडा कार्बन-तंतू घेता येतो. इतरांस तपकीर गल्लीतील दुकाने पालथी घालून स्वस्त सुटे भाग जमवावे लागतात. म्हणून शाळा, पंचायत समिती अथवा जिल्हा परिषद यांनी अशा स्पर्धा भरविताना वजनाबरोबरच खर्चाचीही मर्यादा घालावी, जुन्या वस्तूंची किंमत बाजारभावाने धरावी आणि साहित्याची यादी मराठीत, पुरेशी आधी जाहीर करावी. असे झाल्यास स्पर्धा ऐपतीची न राहता कल्पकतेची होईल आणि खेड्यातील विद्यार्थीही त्या मैदानात बरोबरीने उभा राहील.