आत्याचा कानमंत्र

दिवाळीत सगळी भावंडं जमली की टीव्हीवर एअरकन्सोल या साइटवरचे, फोनला रिमोट करून खेळायचे खेळ लावायचं तुझ्या डोक्यात आहे ना, मग बाळा, आत्ताच ऐकून ठेव.

खेळ फोनमध्ये नसतो. तो चालतो टीव्हीला जोडलेल्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये. ‘हे बटण दाबलं’ एवढाच निरोप फोन धाडतो. त्यामुळे कोणाची काच तडकलेली असो की फोन जुनाट, चालतं. एअरकन्सोलवर सगळ्यांनी एकाच वायफायवर असण्याची सक्तीही नाही. पासवर्ड वाटत फिरू नकोस, ज्याने त्याने आपापल्या डेटावर यावं. फक्त शर्यतीचा खेळ असेल तर एकाच वायफायवर आलेलं बरं.

खरी मेख आहे ती उशिरात. लॅपटॉप एचडीएमआय केबलनेच जोड. वायरलेसने टीव्हीवर टाकलास की चित्र मागे रेंगाळतं. तू बोट वळवतोस तोवर गाडी कठड्याला धडकलेली असते आणि पोरं एकमेकांवर ओरडत बसतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तोही लाव.

एवढं करूनही अडखळलं तर शर्यतीचा नाद सोड आणि जॅकबॉक्स कंपनीचं ‘ड्रॉफुल २’ काढ. ते ब्राउझरमध्ये चालत नाही, लॅपटॉपवर विकत घ्यावं लागतं, पण एकानेच. बाकीचे फोनवर त्यांची साइट उघडतात आणि टीव्हीवर दिसणारी चार अक्षरं टाकतात. तीन ते आठ जण खेळतात, उरलेले प्रेक्षक म्हणून सामील होतात. फोनवर बोटाने चित्र काढायचं, दुसऱ्यांनी त्याला खोटी नावं द्यायची; अर्ध्या सेकंदाने कोणाचं काही अडत नाही. त्यातले विषय इंग्रजी असतात, पण आपले विषयही घालता येतात. आदल्या रात्री बसून ‘नाचता येईना अंगण वाकडं’ वगैरे रोमन अक्षरांत लिहून ठेव. आजीलासुद्धा खेळात घेता येईल, आणि माझ्या मते ती तुम्हा सगळ्यांना हरवेल.

सुरू करण्यापूर्वी सगळ्यांना बॅटरी सेव्हर बंद करायला आणि स्क्रीन टाइमआउट वाढवायला सांग. स्क्रीन झोपली की खेळाडू तुटतो. तुटलाच तर त्याच फोनवर, त्याच ब्राउझरमध्ये ते पान पुन्हा उघडायचं. कोणाला गुप्त टॅबमध्ये येऊ देऊ नकोस.

केबल आदल्या दिवशीच लावून बघ. टीव्हीमागचं ते भोक शोधायला तुझ्या बाबांना अर्धा तास लागतो.