जुना बिनतारी संच

उन्हाळ्याची रात्र आहे. परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात वीज गेली आहे. पंखे थांबले आहेत आणि माणसे अंगणात बाजा टाकून वाऱ्याची वाट पाहत आहेत. समजा, अशा वेळी एका घराच्या माळवदावरील खोलीत एक मंद पिवळा प्रकाश दिसत आहे. तो कंदिलाचा नाही आणि मोबाईलचाही नाही. तो आहे एका जुन्या बिनतारी संचाच्या तबकडीचा. ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडलेला तो संच हलक्या आवाजात खरखरतो आहे. त्याच्यासमोर बसलेले गृहस्थ तबकडी केसभर फिरवतात, आणि त्या खरखरीतून शेकडो मैलांवरील एका माणसाचा आवाज हळूहळू स्पष्ट होत जातो.

हे गृहस्थ म्हणजे हौशी बिनतारी चालक. आकाशवाणीचे केंद्र बोलते आणि लाखो श्रोते ऐकतात. श्रोत्यांना उत्तर देता येत नाही. हौशी चालकाचे तसे नाही. तो ऐकतो आणि बोलतोही. त्याच्या संचात संदेश पाठवणारा प्रक्षेपक आणि संदेश घेणारा ग्राहक हे दोन्ही भाग एकाच पेटीत असतात. या कामाचे त्याला वेतन मिळत नाही. विद्येची आवड आणि माणसांशी जोडले जाण्याची ओढ हाच त्याचा लाभ.

भारतात ही हौस 1920 च्या दशकापासून रुजली. 1939 मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी चालकांचे परवाने रद्द केले आणि प्रक्षेपक जमा करण्याचा आदेश दिला. परंतु यंत्र जमा करता आले, तरी ते बांधणाऱ्याचे ज्ञान कोण जमा करणार? 1942 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘काँग्रेस रेडिओ’ हे गुप्त केंद्र सुरू केले. त्याचा प्रक्षेपक बिनतारी विद्येच्या जाणकारांनी सुटे भाग जुळवून उभा केला होता. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून केंद्राची जागा वारंवार बदलावी लागे. 12 नोव्हेंबर 1942 रोजी छापा पडून ते बंद पडले आणि उषा मेहतांना कारावास भोगावा लागला. सुट्या भागांतून आवाज निर्माण करण्याची ही विद्या किती मोलाची आहे, हे त्या अल्पायुषी केंद्राने देशाला दाखवून दिले.

युद्ध संपल्यावर लष्कराचे मोडीत निघालेले संच बाजारात आले. अनेक हौशी चालकांनी ते विकत घेऊन स्वतःच्या हातांनी दुरुस्त केले. पुढे कारखान्यात बनलेले तयार संचही मिळू लागले. 1970 च्या दशकात जपानच्या येसू या कंपनीचा ‘एफटी-101’ हा संच जगभर लोकप्रिय झाला. आजही काही चालक हा संच जपून वापरतात. त्याचे बहुतेक काम ट्रान्झिस्टर करतात. पण संदेश पाठवण्याच्या अखेरच्या टप्प्यावर काचेचे तीन व्हॉल्व्ह असतात. दोन युगांच्या सीमेवर उभे असलेले हे यंत्र आहे.

असा संच हाती आला की पहिला मोह होतो तो वीज जोडून पाहण्याचा. सुज्ञ चालक हा मोह आवरतो. हा संच अनेक देशांत विकला जात असे; म्हणून त्याचा रोहित्र 100 व्होल्टपासून 234 व्होल्टपर्यंत निरनिराळ्या दाबांसाठी जोडता येतो. एखादा संच 100 व्होल्टसाठी जोडलेला असेल आणि तो आपल्याकडील 230 व्होल्टच्या विजेला लावला, तर पन्नास वर्षे टिकलेले यंत्र क्षणात जळून जाईल. म्हणून तो प्रथम जोडणी तपासतो. नंतर डिमरस्टॅटच्या साहाय्याने विजेचा दाब थोडा थोडा वाढवत नेतो. वर्षानुवर्षे निजलेल्या कपॅसिटरांना एकदम धक्का बसू नये, हा त्यातील हेतू असतो. जे कपॅसिटर फुगलेले किंवा पाझरलेले दिसतात, ते काढून तेथे नवे डाग देऊन बसवतो.

या कामात जिवाची भीतीही असते. प्रक्षेपकाच्या व्हॉल्व्हना सुमारे 600 व्होल्टचा दाब लागतो. संच बंद केला, वीज काढली, तरी कपॅसिटरमध्ये विद्युतभार काही काळ साठून राहू शकतो. यासाठी जुन्या जाणकारांनी एक साधा नियम घालून दिला आहे. उघड्या संचात एकच हात घालावा, दुसरा खिशात ठेवावा. एका हातातून शिरलेली वीज छातीतून दुसऱ्या हाताकडे जाऊ नये, म्हणून हा नियम. नवशिक्याने तर जाणकार माणूस शेजारी असल्याशिवाय संचाचे झाकण उघडूच नये.

पुष्कळदा रोग वाटतो तेवढा मोठा नसतो. या संचातील बरीच मंडले लहान लहान पत्र्यांवर बसवलेली असून ते पत्रे खोबणीत खोचलेले असतात. दमट हवेने आणि धुळीने त्यांच्या धातूच्या कडा काळवंडतात आणि संच मुका होतो. ते पत्रे हलक्या हाताने काढून, कडा स्वच्छ करून पुन्हा बसवले, की मुका संच अनेकदा बोलू लागतो. मराठवाड्याच्या कोरड्या, धुळीच्या उन्हाळ्यात ही सफाई नेमाने करावी लागते.

आता संदेश पाठवण्याची कला पाहू. नव्या संचात कळ दाबली की बोलता येते. जुन्या संचात तसे नाही. प्रथम व्हॉल्व्ह तापू द्यावे लागतात. त्यानंतर एक खुंटी अशी फिरवावी लागते, की मीटरचा काटा खाली येऊन विद्युतप्रवाह कमीत कमी होईल. मग दुसरी खुंटी फिरवून एरियलकडे जाणारी शक्ती वाढवायची, आणि पुन्हा पहिलीकडे यायचे. याला मेळ साधणे म्हणावे. मेळ साधलेला नसेल, तर एरियलकडे जायची शक्ती व्हॉल्व्हच्या आतच उष्णतेच्या रूपाने साठते आणि त्याचा धातूचा पत्रा लाल होऊ लागतो. म्हणून एका वेळी दहा सेकंदांहून अधिक काळ हे काम करू नये, असा नियम आहे. दहा सेकंदांत मेळ बसला नाही, तर थांबावे, व्हॉल्व्ह निवू द्यावेत आणि पुन्हा प्रयत्न करावा.

हे अखेरचे व्हॉल्व्ह मुळात दूरचित्रवाणी संचासाठी बनवले जात. तसले दूरचित्रवाणी संच गेले आणि व्हॉल्व्हचे उत्पादनही बंद पडले. आता जुन्या साठ्यातील जे उरले आहेत, तेवढेच. तेव्हा घाईने जाळलेला प्रत्येक व्हॉल्व्ह जगातून कायमचा कमी होतो. या दहा सेकंदांत चालकाचे डोळे काट्यावर, हात खुंटीवर आणि मन दोहोंवर असते. जुना संच आपल्या धन्याला एकाग्रता शिकवतो तो असा.

संच कितीही चांगला असला, तरी एरियलवाचून तो व्यर्थ होय. सर्वांत सोपा एरियल म्हणजे मध्यभागी तोडून दोन्ही बाजूंना ताणलेली तांब्याची तार. तिची लांबी लहरीच्या लांबीच्या सुमारे निम्मी असावी लागते. 143 या संख्येला मेगाहर्ट्झमधील कंप्रतेने भागले, की ही लांबी मीटरमध्ये मिळते. 7.1 मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे 20 मीटर येते, म्हणजे प्रत्येक बाजूस 10 मीटर. वाड्याच्या आढ्यापासून लिंबाच्या झाडापर्यंत एवढी तार सहज ताणता येते. मात्र ती विजेच्या तारांपासून दूर असली पाहिजे. वैशाख-ज्येष्ठात वळवाचे ढग जमू लागले, की पहिली वीज चमकण्याची वाट न पाहता एरियल संचापासून सोडवून घराबाहेर ठेवावा.

ही तार पुणे, मुंबई आणि हैदराबादशी कशी बोलते? पृथ्वीपासून उंचावर वातावरणात विद्युतभारित कणांचे थर आहेत. त्यांना आयनांबर म्हणतात. 7 मेगाहर्ट्झच्या लहरी तेथपर्यंत जातात आणि वळून पुन्हा पृथ्वीवर येतात. दिवसा सूर्यप्रकाशामुळे आयनांबराचा खालचा थर या लहरींची बरीच शक्ती शोषून घेतो. त्यामुळे संभाषण काहीशे किलोमीटरपर्यंतच चालते. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि त्याच लहरी हजारो किलोमीटरचा पल्ला गाठतात. सूर्योदय आणि सूर्यास्त यांचा असा विचार शेतकऱ्याप्रमाणेच बिनतारी चालकालाही करावा लागतो.

संच असला म्हणून कोणीही बोलू शकत नाही. त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते आणि परवाना घ्यावा लागतो. परीक्षेत विद्युतशास्त्र आणि नियम यांचे ज्ञान तपासले जाते. परवाना मिळाला की चालकास स्वतंत्र संकेतनाम मिळते. भारतातील संकेतनामे साधारणतः ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. या लहरींवरून व्यापार करता येत नाही, गाणी वाजवता येत नाहीत आणि गुप्त भाषेत बोलताही येत नाही. लहरी ही सर्वांची सामाईक वाट आहे. तिच्यावर कोणी शेत पेरू नये.

या वाटेवरील पहिला शिष्टाचार म्हणजे आधी ऐकणे. बोलण्यापूर्वी चालक त्या जागी दुसरे कोणी बोलत नाही ना, हे पाहतो. जुना संच तापेपर्यंत त्याची कंप्रता हळूहळू सरकत असते. म्हणून सज्जन चालक संच आधी सुरू करून स्थिर होऊ देतो आणि मगच बोलतो, नाहीतर तो शेजाऱ्याच्या जागेत घुसेल. संभाषण संपताना ‘73’ म्हणण्याची प्रथा आहे. तारयंत्राच्या काळापासून चालत आलेल्या या अंकाचा अर्थ ‘शुभेच्छा’ असा होतो.

जुन्या संचाला आज एक नवा शत्रूही निर्माण झाला आहे. एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांपैकी हलक्या प्रतीची उपकरणे सतत विद्युतगोंगाट करतात. त्या गोंगाटात दुरून येणारा क्षीण आवाज बुडून जातो. म्हणूनच वीज गेलेल्या रात्री चालकाला दुःख होत नाही. गाव अंधारात बुडते, गोंगाट थांबतो आणि आकाश जणू स्वच्छ होते. व्हॉल्व्हची तापनकळ बंद ठेवली, तर या संचाचा ग्राहक भाग 12 व्होल्टच्या बॅटरीवर अगदी थोड्या विजेत कितीतरी तास चालतो.

ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल असताना या खटाटोपाचा उपयोग काय, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर संकटाच्या वेळी मिळते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांना भूकंपाचा भीषण धक्का बसला. किल्लारी आणि परिसरातील गावे कोसळली, हजारो माणसे निजलेल्या जागी गाडली गेली. परभणीपासून ही गावे फार दूर नाहीत. त्या काळी मोबाईल नव्हते, आणि हौशी बिनतारी चालकही मदतकार्यात उतरले. 2004 च्या डिसेंबरमध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी प्रक्षेपणासाठी अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे गेले होते. 26 डिसेंबरला समुद्र खवळला, बेटांचा संपर्क तुटला. तेव्हा हौसेसाठी नेलेले हेच संच शोकाकुल कुटुंबांना आप्तांची खबर देणारे दूत बनले. मोबाईलचा आवाज मनोऱ्यांच्या साखळीवरून जातो. साखळीची कडी तुटली की आवाज थांबतो. बिनतारी संचाला एक तार, एक बॅटरी आणि एक जाणकार माणूस पुरतो.

यातील तार आणि बॅटरी बाजारात मिळतात. जाणकार माणूस मात्र विकत मिळत नाही. तो घडतो कसा? धुळीचे पत्रे पुसता पुसता, काट्यावर नजर ठेवून दहा सेकंद मोजता मोजता, आणि रात्री-अपरात्री खरखरीतून माणसाचा आवाज वेचता वेचता तो घडतो. वस्तूचे पैसे मोजले म्हणजे ती आपल्या घरात येते. तिचे अंतरंग समजून घेतले, तिची काळजी वाहिली, म्हणजेच ती खऱ्या अर्थाने आपली होते.

माळवदावरील त्या खोलीत गृहस्थांनी आता संभाषण संपवले आहे. ‘73’ म्हणून त्यांनी संच बंद केला, बॅटरीची तार सोडवली आणि वहीत वेळ, कंप्रता व समोरच्याचे संकेतनाम लिहून ठेवले. तबकडीवरील पिवळा प्रकाश विझला. गावात वीज अजून आलेली नाही. पण गाव एकटे नाही, हे त्या वहीतील एका ओळीने नोंदवून ठेवले आहे.

स्वाध्याय

1. आकाशवाणीचे केंद्र आणि हौशी बिनतारी चालक यांच्यातील फरक सांगा.
2. उघड्या संचात एकच हात का घालावा?
3. मेळ साधताना दहा सेकंदांची मर्यादा का पाळावी लागते?
4. ‘वीज गेलेल्या रात्री चालकाला दुःख होत नाही.’ कारण लिहा.
5. ‘लहरी ही सर्वांची सामाईक वाट आहे, तिच्यावर कोणी शेत पेरू नये.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
6. तुमच्या घरातील एखादी जुनी, पण वापरात असलेली वस्तू घ्या. ती कोणी, कशी जपली, हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.