वारंवार वजन घटवणे : शरीराचा ताळेबंद काय सांगतो?

मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघेदुखीसाठी येणाऱ्या रुग्णास डॉक्टर जेव्हा वजन कमी करण्याचा सल्ला देतात, तेव्हा बाह्यरुग्ण विभागात एक उत्तर हमखास ऐकू येते : "डॉक्टरसाहेब, तीनदा डाएट केलं. पहिल्यांदा झटकन उतरलं, आता काही केल्या उतरत नाही." सोबतचे नातेवाईक हसतात आणि रुग्ण ओशाळतो. परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वारंवारच्या आहारनियंत्रणाने शरीर खरोखरच वजन सोडेनासे होत असेल, तर पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ उरत नाही. आणि तसे होत नसेल, तर अनेक रुग्ण विनाकारण आशा सोडून बसले आहेत असे म्हणावे लागेल. आम्ही हिशेबाच्या शाखेतले, वैद्यकशास्त्राचे अधिकारी नव्हे. तथापि उपलब्ध संशोधनाचा जमाखर्च सुजाण वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वजन घटवण्याची धडपड महाराष्ट्राला नवी नाही. पु. ल. देशपांडे यांच्या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या 'बटाट्याची चाळ'मधील 'उपास' आजही वाचला जातो, कारण ती फजिती घरोघरची आहे. अलीकडच्या काळात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून पुढे आलेली आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी पोहोचवलेली दोन वेळा जेवणाची पद्धत मराठवाड्यात घराघरांत चर्चिली गेली. कोणती पद्धत श्रेष्ठ, हा आमचा विषय नाही. कोणतीही पद्धत काही महिन्यांनी सुटली, 'ये रे माझ्या मागल्या' झाले आणि पुन्हा नव्याने आरंभ करावा लागला, तर काय होते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

शंकेला आधार काय?

ही शंका निराधार नाही. १९८६ साली अमेरिकेत ब्राउनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. अन्न कमी केल्यावर लठ्ठ उंदरांचे वजन पहिल्या खेपेस २१ दिवसांत उतरले. दुसऱ्या खेपेस तेवढेच उतरण्यास ४६ दिवस लागले. गमावलेले वजन परत येण्यास पहिल्यांदा ४५ दिवस लागले होते, दुसऱ्यांदा केवळ १४ पुरले.

माणसांच्या बाबतीतही शरीर स्वस्थ बसत नाही. वजन घटवण्याच्या एका अमेरिकन दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, स्पर्धेत सरासरी ५८ किलो घटलेल्यांपैकी बहुतेकांचे वजन बरेचसे परत आलेले आढळले. तरीही विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा ऊर्जाव्यय अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमीच होता. २०११ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांना असे दिसले, की वजन उतरल्यावर भूक वाढवणारी आणि तृप्ती कमी करणारी संप्रेरके वर्षभरानंतरही पूर्वपदावर आलेली नव्हती. म्हणजे उत्पन्न घटताच शरीर खर्चाला कात्री लावते आणि उत्पन्नाची मागणीही वाढवते. पूर्वजांनी दुष्काळ याच गुणावर निभावले. त्यास रुग्णाचा आळस किंवा खादाडपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

दिलासा देणारा निष्कर्ष

मग दार कायमचे बंद होते काय? अमेरिकेतील सिएटल येथे रजोनिवृत्तीनंतरच्या वयातील ४३९ स्थूल स्त्रियांचा एक वर्षाचा अभ्यास झाला व तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ७७ जणींचे वजन पूर्वी किमान तीन वेळा नऊ किलोंहून अधिक उतरून परत आले होते. आहार आणि व्यायामाच्या शिस्तबद्ध कार्यक्रमात या स्त्रियांचे वजन इतर स्त्रियांइतकेच उतरले. इन्सुलिनविषयक सुधारणाही तितकीच झाली. उंदरांना लागू पडले ते माणसाला जसेच्या तसे लागू पडत नाही, हा यातील धडा. पूर्वीचे अपयश पुढचा प्रयत्न निष्फळ ठरवीत नाही.

काट्याला न दिसणारा तोटा

तरीही वारंवारची घट-वाढ निरुपद्रवी म्हणता येणार नाही. वजनकाटा केवळ एकूण बेरीज दाखवतो. भांडवल किती आणि बोजा किती, हे सांगत नाही. शरीराचे भांडवल म्हणजे स्नायू. २०११ साली अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांच्या अभ्यासात असे आढळले, की एक किलो चरबी जाताना त्यासोबत सुमारे २६० ग्रॅम स्नायू व इतर चरबीरहित भाग गेला. वजन परत येताना मात्र किलोभर चरबीमागे सुमारे १२० ग्रॅमच परतला. आकडा पूर्वीचा, ताळेबंद मात्र कमकुवत!

आपल्या लोकांस ही बाब विशेष लागू आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेले त्यांचे छायाचित्र जगभर गाजले. दिसायला सडपातळ, आतून मेदयुक्त अशी आपली ठेवण आहे. मुळातच तुटपुंजे असलेले स्नायूंचे भांडवल दर खेपेस मोडून खाणे आपल्याला परवडणारे नाही.

मग करावे काय?

पहिले म्हणजे उद्दिष्ट माफक असावे. ८० किलो वजनाच्या व्यक्तीचे चार किलो उतरून टिकले, तरी रक्तशर्करा व रक्तदाबास लाभ होतो. वर्षभर निभेल तोच आहार निवडावा. ज्वारीची भाकरी, डाळ, मटकीची उसळ, ताक, पालेभाजी, चालत असल्यास अंडी यांतून प्रथिने मिळतात. उपवासाच्या साबुदाण्यात जवळजवळ केवळ पिष्टच असते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. आठवड्यास किमान १५० मिनिटे भरभर चालावे. विद्यापीठ परिसर आणि गोगाबाबा टेकडीची पायवाट आपल्या शहरात आहेच. त्याच्या जोडीस आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर लागेल असा व्यायाम हवा. काट्याबरोबर कंबरेचे मापही ठेवावे : पुरुषांस ९० आणि स्त्रियांस ८० सेंटिमीटर ही आपल्याकडील मर्यादा मानतात.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण टाळू नये. साखर एकाएकी घसरून जिवावर बेतू शकते. २०२५ पासून वजन घटवण्याची नवी इंजेक्शने भारतात मिळू लागली आहेत. पण त्यांपैकी सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे चाचणीत दिसले. उपाय कोणताही असो, तो थांबला की शरीर आपली वसुली सुरू करते.

रुग्णांच्या कुटुंबीयांस एक नम्र विनंती. चौथ्यांदा प्रयत्न करणाऱ्या माणसास टोमणा मारू नये. घरात एकासाठी वेगळे ताट वाढण्यापेक्षा सर्वांचेच ताट थोडे बदलावे आणि संध्याकाळी त्याच्यासोबत चालावयास निघावे. वजन किती भराभर उतरले याहून, ते किती काळ टिकले याचीच नोंद शरीराच्या खातेवहीत महत्त्वाची ठरते. आणि ते टिकवणे एकट्या रुग्णाच्या आवाक्यातले काम नाही.