थंडीतल्या टरबुजाला टनेलचे पांघरूण

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. 2027 मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होण्याची शक्यता आहे. रमजानच्या बाजारासाठी टरबूज, खरबुजाची लागवड नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर या काळातच करावी लागेल. अकोला, अमरावतीत नेमक्या याच दिवसांत रात्रीचा पारा दहा अंशांजवळ, कधी त्याहूनही खाली जातो. वेल वाढ थांबवून बसते आणि माल बाजार ओसरल्यावर निघतो. यावर स्वस्तातला उपाय लो टनेल, म्हणजे ओळीवर बुटक्या कमानी रोवून वर टाकलेले कव्हर. त्याला शेगडी किंवा वीज लागत नाही. दिवसा मातीत साठलेली ऊब तो रात्री जपून ठेवतो.

जागा आणि पाणी. निचऱ्याची जमीन निवडा. भारी काळ्या वावरात गादीवाफा चांगला फूटभर उंच करा. पूर्णेच्या दोन्ही काठांवरच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट भागात, आधी माती आणि विहिरीचे पाणी तपासून घ्या. थंडीत मुळे आधीच मंद असतात, त्यात क्षार वाढले तर टनेलचा खर्च वाया जातो.

रोपे. टरबुजाचे बी 25 ते 30 अंशांना चांगले उगवते. थंड मातीत बी टोकण्यापेक्षा कोकोपीट भरलेल्या प्रोट्रेमध्ये रोपे करा. ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकने झाका आणि कोंब दिसताच मोकळे करा, नाहीतर रोपे लांबट होतात. थंडीत रोप तयार व्हायला 15 ते 20 दिवस धरा.

उभारणी. ठिबकची नळी, 25 ते 30 मायक्रॉनचा मल्चिंग पेपर, मग रोपे आणि शेवटी कमानी, असा क्रम ठेवा. दोन मीटर लांबीची जाड तार किंवा बांबूची कामटी वाकवून दीड-दोन मीटरवर रोवा. मधली उंची दीड फूट पुरते. वर नॉनवोव्हन क्रॉप कव्हर टाका. त्यातून हवा आणि पाणी खेळते. पारदर्शक प्लॅस्टिक स्वस्त वाटते, पण आपल्याकडे दुपारी त्याची भट्टी होते. कव्हरची वाऱ्याकडची कड मातीत गाडा, दुसरी दगडांनी दाबा, म्हणजे रोपे पाहता येतात.

झाकण्यापूर्वी रोपांवर पांढरी माशी, फुलकिडे, नागअळी नाहीत याची खात्री करा. स्वच्छ रोपे झाकली तर कव्हर किडी बाहेर ठेवते. किडकी झाकली तर त्यांना आयतेच घर मिळते.

रोजची देखरेख. वऱ्हाडात टनेल रात्रीच्या थंडीपेक्षा दुपारच्या उन्हाने जास्त फसतो. रोपांच्या उंचीवर सावलीत कमाल-किमान तापमापक टांगा. आतले तापमान 35 अंशांकडे सरकू लागले की टोके उघडा. ऊन कलल्यावर, ऊब उडून जाण्याआधी, बंद करा. ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब धरते, म्हणून वाफसा टिकवा. मात्र पाणी सकाळी द्या. रात्रभर पाने ओली राहिली तर केवडा हमखास येतो.

कव्हर कधी काढावे? ज्याच्या देठाशी बारीक फळ दिसते ते मादी फूल उमलू लागले की कव्हर काढा. मधमाशी आत गेली नाही तर फळ धरत नाही. दोन-तीन दिवस आधीपासून दिवसा कडा उघड्या ठेवून वेलींना बाहेरची सवय करा, मग संध्याकाळी पूर्ण काढा. एकरी एक-दोन मधपेट्या ठेवा आणि या काळात फवारणी करावीच लागली तर सूर्यास्तानंतर करा.

चिखलदऱ्याची स्ट्रॉबेरी. मेळघाटात मोथा परिसरातले शेतकरी स्ट्रॉबेरी घेतात. सुमारे 1,100 मीटर उंचीवरच्या गारव्याने ते जमते. खालच्या मैदानात त्याची नक्कल करू नका. मातीची क्षारता एक डेसीसायमन प्रति मीटर ओलांडली की स्ट्रॉबेरीचे उत्पादन घटू लागते, त्यामुळे खारपाणपट्टा तर बादच. डोंगरावर मात्र दहिवर पडण्याचा धोका असेल त्या रात्री कव्हर टाका आणि सकाळी काढा. दहिवराने फुलाचा मध्य काळा पडतो, त्याचे फळ होत नाही.

खर्चाचे गणित. पहिल्या वर्षी पाच-दहा गुंठेच झाका आणि शेजारी दोन ओळी उघड्या ठेवा. दोन्हींचा पहिला तोडा, वजन आणि मिळालेला भाव लिहून ठेवा. कव्हर गारपीट अडवत नाही, हेही हिशेबात धरा. फाटले नसेल तर ते धुऊन, सावलीत वाळवून, उंदरांपासून जपून ठेवा. दुसऱ्या हंगामातही वापरता आले तर त्याचा खर्च दोन पिकांवर विभागला जातो. संरक्षित शेतीच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करा, पण पूर्वसंमती मिळेपर्यंत साहित्य विकत घेऊ नका.