खणाचा कॉर्सेट ब्लाउज: शिकायचा कसा आणि शिलाई लावायची किती?

लग्नसराईत आता आपल्या धाराशिव, तुळजापूर, उमरग्यातही गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो दाखवतं, "ताई, असा कॉर्सेट ब्लाउज शिवून द्या ना." आपण हो म्हणतो आणि शिलाई मात्र साध्या ब्लाउजची लावतो. तोटा तिथेच होतो. म्हणून आधी ही वस्तू समजून घेऊ.

कॉर्सेट म्हणजे काय?
युरोपात सोळाव्या शतकापासून बायका अंगाला आकार देणारी ताठ चोळी घालत. ताठपणासाठी देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्या शिवणीत घालायच्या. एकोणिसाव्या शतकात पोलादी पट्ट्या आल्या. दोरीच्या भोकांना धातूच्या रिंगा बसल्या, त्यामुळे दोरी जोरात ओढली तरी कापड फाटेना. पहिल्या महायुद्धाच्या काळात कॉर्सेट मागे पडला आणि ब्रा पुढे आली.

आपली गाठीची चोळी वेगळ्या वाटेची. तिच्यात पट्टी नाही, पुढे गाठ मारली की झालं. तिचा खण प्रामुख्याने कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा. पन्हा लहान, दोन्ही बाजूंना काठ. तुळजाभवानीच्या ओटीमुळे खण आपल्याकडे घरोघरी असतो, कपाटात गठ्ठाच असतो म्हणा ना!

मुख्य मुद्दा
कॉर्सेटला आधार वरच्या कापडाचा नसतो. आधार देतात आतलं अस्तर, शिवणी आणि पट्ट्या. खण फक्त दर्शनी. म्हणून:

1. खणाच्या मागे फ्यूजिंग चिकटवा, नाहीतर कडेचे धागे सुटतात.
2. अस्तर जाड, घट्ट विणीच्या सुती कापडाचं घ्या. आधी धुऊन, आटवून घ्या.
3. उभे भाग कापताना कापडाचा उभा धागा सरळ ठेवा. तिरका गेला की ब्लाउज ताणतो.
4. कमरेच्या रेषेवर आतून न ताणणारी सुती पट्टी शिवा.
5. बोन, म्हणजे ताठ पट्टी, तिच्या खोबणीपेक्षा थोडी आखूड ठेवा आणि टोकं गोल करा, नाहीतर ती टोचते. प्लास्टिकची बोन स्वस्त, पण अंगाच्या उबेने वाकते. स्टीलच्या चपट्या पट्टीपेक्षा स्प्रिंगसारखी गुंडाळलेली स्टीलची बोन शरीरासोबत जास्त वळते.
6. खण कापण्याआधी साध्या कापडाचा नमुना शिवून गिऱ्हाइकाला घालून बघा. खण एकदा कापला की पन्ह्यात जोड द्यायला जागा उरत नाही.

आता हिशेब
उदाहरण म्हणून धरा, साध्या अस्तरच्या ब्लाउजला 4 तास लागतात आणि 400 रुपये शिलाई मिळते. म्हणजे ताशी 100. कॉर्सेटला नमुना, फिटिंग धरून 12 तास लागले तर मेहनतीचे 1,200. अस्तर, फ्यूजिंग, बोन, रिंगा, दोरी यांचे 350 धरा. एकूण 1,550 रुपये. खण गिऱ्हाइकाचा.

हेच काम तुम्ही 600 रुपयांत घेतलं, तर सामान वजा जाता 250 उरतात. 12 तासांना भागा: ताशी जेमतेम 21 रुपये! मशीन, दोरा, वीज अजून धरलीच नाही.

गिऱ्हाईक म्हणेल, "एवढे कशाला?" तेव्हा वाद घालू नका. एक अर्धवट शिवलेला नमुना दुकानात ठेवा, आतली बाजू दाखवा. आतलं काम दिसलं की शिलाईचा दर समजावणं सोपं जातं.

गृहपाठ: घरातल्या ओटीच्या एका खणाचा नमुना शिवा आणि प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ वहीत लिहा. ती वही म्हणजेच तुमचं दरपत्रक.